बाबांचं बारावं प्रकरण

"ग्राहक महोदया, त्यांना स्वतःला फोनवर बोलावता का?" असं तोरिगोए कंपनीच्या माणसानं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मिझुएनं रिसीव्हर कानापासून लांब धरला आणि ग्रंथालयाच्या पुस्तकाला तेलकट हात लावणाऱ्या मुलीकडे पाहावं तसं त्याच्याकडे पाहिलं.

"ते येऊ शकत नाहीत," ती म्हणाली. "ते चौरंगावर आहेत."

"मग फोन जरा त्यांच्याजवळ नेता का?"

"कलशात आहेत."

पलीकडच्या माणसाचं नाव नुकुई. तो फोनवरच कमरेत वाकला असावा, कारण त्याचा आवाज आधी खाली गेला आणि मग वर आला. "आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत," तो म्हणाला. "मात्र गोठवलेलं खातं पुन्हा उघडण्यासाठी खातेदारानं स्वतः बोलणं आवश्यक आहे."

सोनोबे मिझुए एक्कावन्न वर्षांची होती. जपानमधल्या ओत्सू शहरातल्या मुलींच्या शाळेत गेली सत्तावीस वर्षं ती ग्रंथपाल होती आणि या काळात ती कोणाशी चढ्या आवाजात बोलल्याचं कोणाला आठवत नाही. भूकंपाच्या सरावाची घंटा झाली तरी ती मुलींना चालू परिच्छेद संपवू द्यायची. अशा बाईवर फोनच्या रिसीव्हरकडे डोळे वटारायची पाळी आली ती एका व्हिडिओ गेममुळे.

गेम बाबांचा. बाबा म्हणजे सोनोबे शिगेहारु, वय एक्याऐंशी, पालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त. आई गेल्यावर दोन महिन्यांनी त्यांनी तोरिगोए कंपनीचं खेळाचं यंत्र आणलं. मिझुएला वाटलं, आता घरात बंदुका धडधडणार. पण तोरिगोएचं तसं नव्हतं. बाकीच्या कंपन्यांच्या खेळांत शंभर अनोळखी माणसं एकमेकांवर गोळ्या झाडतात. तोरिगोए मात्र गोष्टी सांगते, आणि तीही एकेकट्या माणसाला, कादंबरी वाचावी तशी. यंत्राच्या खोक्यावरच छापलं होतं: 'एक माणूस, एक गोष्ट'. बाबांना ते फार पटलं. "यात दुसरं कोणी मध्ये नसतं," ते म्हणाले, आणि मिझुए शाळेत गेली की दिवसभर ते 'मिठाची वाट' नावाचा एकच खेळ खेळू लागले. ती घरी यायच्या आत यंत्र बंद. रविवारी यंत्राला सुट्टी. का, तर पाणीखात्यालाही असायची.

जेवताना मात्र ते गोष्ट सांगत. गेन्झो नावाचा मीठविक्या हरवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालाय, त्याचं आज काय झालं ते. दोन वर्षं, रोज. मिझुए भात वाढता वाढता ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी पुस्तकांवर शिक्के मारताना तिच्या मनात यायचं, आता गेन्झोचं कसं होणार. एकूण प्रकरणं बारा. "अकरावं चाललंय," बाबा मंगळवारी म्हणाले. "बारावं पुढच्या आठवड्यात सुरू करू." गुरुवारी ते गेले.

गेलेलं माणूस एकोणपन्नास दिवस घरात असतं आणि मग आपल्या वाटेला लागतं. एवढं सगळ्यांनाच ठाऊक आहे. मिझुएनं हिशेब केला. बाबा अकरा प्रकरणं वाचून उठले आहेत आणि बारावं न वाचता निघणार आहेत. ग्रंथपालाच्या घरात हे होऊ देणं शक्य नव्हतं. तिनं ठरवलं की आपण बारावं प्रकरण खेळायचं आणि एकोणपन्नासाव्या दिवशी अस्थी निघायच्या आत चौरंगासमोर बसून त्यांना शेवट सांगायचा. एक प्रकरण. फार तर दोन रविवार.

"शेवट इंटरनेटवर असतो की," शेजारच्या होरिउचीकाकू म्हणाल्या. काकूंचं वय अठ्ठ्याहत्तर, आणि कुंपणावरून सल्ला देण्याची साधारण पन्नास वर्षांची सलग सेवा. "माझी सून प्रत्येक मालिकेचा शेवट आधी बघते. मनाला शांत वाटतं म्हणते."

शाळेत शेवटचं पान आधी उघडणाऱ्या मुलींना ती पुढचं पुस्तक आठवडाभर देत नसे. बापासाठी नियम बदलायचा?

तिनं यंत्र सुरू केलं. पडद्यावर 'सोनोबे शिगेहारु, आपलं स्वागत आहे' अशी अक्षरं आली आणि यंत्रानं चार आकडे मागितले. तिनं बाबांचा वाढदिवस घातला. नाही. आईचा. नाही. स्वतःचा घातला, तोही नाही, आणि हे तिला जरा लागलं.

"कुत्र्याचा घाल," काकू म्हणाल्या.

"आमच्याकडे कुत्रा नव्हता काकू."

"म्हणून तर कोणाला ओळखता येत नाहीये."

इथे वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष सुगावा यांचा प्रवेश झाला. सुगावासाहेब पूर्वी स्टेशनमास्तर होते. अजूनही ते घराबाहेर पडताना डावीकडे बोट दाखवून "मोकळं!" आणि उजवीकडे बोट दाखवून "मोकळं!" असं मोठ्यानं म्हणत आणि मगच पाऊल टाकत. त्यांनी यंत्राभोवती एक फेरी मारली, बाजूनं एक थाप मारून पाहिली, आणि जाहीर केलं की हा प्रश्न एका घराचा नसून वस्तीचा आहे. मिझुएला हे म्हणणं औपचारिक वाटलं. तिनं मान लववली. तीच चूक झाली.

दुसऱ्या दिवशी वस्तीच्या सूचनांची फळी घरोघर फिरू लागली. गटारसफाई, जुन्या वर्तमानपत्रांचा दिवस आणि आग विझवण्याचा सराव यांच्याखाली चौथी सूचना होती: 'कै. सोनोबे यांच्या खेळाच्या यंत्राचा चार अंकी आकडा कोणास ठाऊक असल्यास कळवावा. विनंती कळकळीची आहे.' फळी वाचली की प्रत्येक घर आपल्या नावाचा शिक्का मारतं आणि पुढच्या घरी देतं. फळी मिझुएकडे परत आली तेव्हा तिच्यावर सतरा शिक्के होते आणि समासात आकड्यांची आणि शेऱ्यांची गर्दी झाली होती. न्हाव्यानं लिहिलं होतं, 'मला कधी बोलले नाहीत, पण मी असतो तर चार शून्यं ठेवली असती.' कोपऱ्यावरच्या बाईंनी लिहिलं होतं, 'आमच्या ह्यांचाही आकडा मला ठाऊक नाही. आज विचारते.' (त्या घरात त्यानंतर तीन दिवस कोणी कोणाशी बोललं नाही, त्याचाही दोष पुढे मिझुएच्या वाट्याला आला.) कोणीतरी नुसताच एक आकडा लिहून त्याखाली 'गुपित ठेवावे' असं लिहिलं होतं.

आपल्या वडिलांचा आकडा सतरा घरांनी चघळावा याचा तिला इतका संताप आला की तो शमवण्यासाठी तिनं तेवढे सगळे आकडे एकामागून एक घालून पाहिले. चौदाव्या आकड्याला यंत्रानं कळवलं, 'सुरक्षेसाठी हे खातं गोठवण्यात आलं आहे. आपण घेतलेल्या काळजीबद्दल आभारी आहोत.'

म्हणून तो फोन. नुकुईनं शेवटी वरिष्ठांना विचारून सांगितलं की खातेदार खरोखरच वारले असतील तर तसा दाखला फॅक्सनं पाठवावा, म्हणजे पुढची कारवाई करता येईल. 'कारवाई' हा शब्द मिझुएनं नीट ऐकायला हवा होता. सत्तावीस वर्षं शब्दांमध्ये काढलेल्या बाईनं तरी नक्कीच.

पालिकेत दाखल्याच्या अर्जावर 'कशासाठी हवा' असा रकाना होता. निवृत्तिवेतन, विमा, जमीन, इतर. तिनं 'इतर' वर खूण केली आणि पुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'वडिलांची अपूर्ण गोष्ट पूर्ण करणे.'

खिडकीतल्या कारकुनानं ते दोनदा वाचलं. "ही गोष्ट म्हणजे स्थावर आहे का?"

"नाही."

"मग काही वाद आहे?"

"होण्याच्या मार्गावर आहे."

कारकून आत गेला आणि विभागप्रमुखाला घेऊन आला. विभागप्रमुख आत गेला आणि नियमांचं जाड पुस्तक घेऊन आला. दोघांनी मिळून तिला विचारलं की हे कधीपर्यंत हवं आहे. तिनं एकोणपन्नासावा दिवस सांगितला, तेव्हा दोघांचे चेहरे एकदम उजळले. "मग असं सांगा ना! धार्मिक विधी!" मिझुएनं आपलं सुवाच्य वाक्य खोडलं, खोडल्याबद्दल बाजूला शिक्का मारला, आणि वडिलांची गोष्ट धार्मिक विधींत जमा झाली.

दुकानातल्या फॅक्सच्या यंत्रात तिनं दाखल्याचे तिन्ही कागद घातले. संध्याकाळी नुकुईचा फोन आला. "आपली तीन कोरी पानं मिळाली. मनापासून आभारी आहोत." कागद उलटे गेले होते. तिनं ते पुन्हा पाठवले.

सत्ताविसाव्या दिवशी पत्र आलं. जाड, सायीच्या रंगाचा कागद, वर कंपनीचं चिन्ह. मिझुएनं आधी हात धुतले, मग ते उघडलं. लिहिलं होतं की खातेदाराच्या निधनाची खात्री पटल्यामुळे नियम सतरानुसार हे खातं त्यातल्या सर्व नोंदींसह कायमचं बंद करण्यात आलं आहे. सोबत एक स्मृतिपत्र होतं, कडेला मॅपलची पानं. 'सोनोबे शिगेहारु. खेळ: मिठाची वाट. खेळलेला वेळ: एक हजार एकशे चाळीस तास. गाठलेला टप्पा: प्रकरण दुसरे.'

खातं पुसलं गेलं हे तिला नंतर कळलं, म्हणजे शब्द दिसले होते पण मन पुढच्याच ओळीवर अडकलं होतं. दुसरे?

"अकरा!" ती फोनवर म्हणाली. शेजारच्या घरातली खिडकी उघडल्याचा आवाज आला. "माझे वडील अकराव्या प्रकरणात होते!"

"आमच्या नोंदीत दोन आहे, ग्राहक महोदया."

"तुमची नोंद चुकली आहे. एक हजार एकशे चाळीस तास माणूस दुसऱ्या प्रकरणात काय करत बसेल?"

"तो," नुकुई अत्यंत आदरानं म्हणाला, "खेळाडूचा खासगी प्रश्न आहे."

"तुम्ही एका माणसाला मेल्यानंतर नऊ यत्ता खाली बसवलं आहे."

"आपली भावना मी वरिष्ठांपर्यंत पोचवतो. मात्र गोष्ट एकाच माणसाची असते, हेच आमच्या कंपनीचं धोरण आहे. ती दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही."

आता प्रश्न बाराव्या प्रकरणाचा राहिला नव्हता, बाबांच्या अब्रूचा झाला होता. मिझुएनं स्वतःच्या नावानं नवं खातं उघडलं, शाळेतून रजा घेतली, आणि पहिल्या प्रकरणापासून खेळायला बसली. बाबांनी सांगितलेली माणसं एकेक करून गाठायची, प्रत्येकाचं प्रकरण लिहून ठेवायचं, आणि ती यादी नुकुईच्या तोंडावर फेकायची. हाताशी तीन आठवडे होते.

त्याच दिवशी हिकोनेहून किमियोआत्या आली. बाबांची धाकटी बहीण. एकोणपन्नासाव्या दिवसाची तयारी करायला आणि येणाऱ्यांना परतभेट म्हणून द्यायचे चहाचे डबे बांधायला. तिनं दारातूनच पाहिलं, तर कलशासमोर भाची खेळत होती.

"मिझुए! अस्थींसमोर खेळ? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणजे मीच," होरिउचीकाकू खुर्चीतून म्हणाल्या. त्या सकाळपासून तिथेच होत्या. "आणि मी काही म्हणत नाहीये. त्याला उजवीकडे वळव गं, कोंबडी अंगावर येतेय."

माणसाला अंगठे दोन आणि कंट्रोलरला बटणं सोळा, हा विचार कोणी केला असेल? मिझुएचा गेन्झो भिंतीत चालायचा. विहिरीत चालायचा. वाटेत एखादा म्हातारा वाकून नमस्कार करायचा तेव्हा मिझुएही वाकायची, आणि ती उठेपर्यंत गेन्झो ओढ्यात गेलेला असायचा. "तू कशाला वाकतेस? तो वाकला ना?" आत्या ओरडायची. दुसऱ्याच दिवशी तो म्हातारा परत भेटला, तेव्हा तिघीही वाकल्या.

पहिलं प्रकरण पाच दिवसांत संपलं. दुसऱ्यात पूल आला.

नदीवर दोरांचा झुलता पूल. एका बटणानं डावा दोर धरायचा, दुसऱ्यानं उजवा, तिसऱ्यानं पाऊल, आणि वारा सुटला की सगळं सोडून चौथं दाबायचं. गेन्झो पडला. मिठाच्या गोणीसकट पडला, काठावर परत आला, पुन्हा पडला. आत्या चहाचे डबे बांधता बांधता मोजत होती. पहिल्या दिवशी बेचाळीस.

"त्याला पोहायला शिकवा, काम लवकर होईल," ती म्हणाली.

आणखी चार दिवस गेले. मिझुएच्या डाव्या अंगठ्याला पट्टी आली. काठावर एक पडकी झोपडी होती. होरिउचीकाकूंनी शोधून काढलं की गोल बटण दाबलं की गेन्झो तिथे जाऊन बसतो, टोपी काढतो, आणि बाहेर पाऊस पडायला लागतो. तेवढंच. झोपडी रिकामी होती, तिथे ना माणूस ना भांडं. दमल्या की त्या गेन्झोला झोपडीत बसवत आणि चौघं चहा पीत. चौघं, कारण आता रोज चार वाजता सुगावासाहेबही येऊ लागले होते. मंडळाकडे आवाजाची तक्रार आली होती, तिची चौकशी म्हणून ते पहिल्यांदा आले आणि चौकशी लांबली.

एकेचाळिसाव्या दिवशी सुगावासाहेबांनी कप खाली ठेवला. "हे असं नाही चालणार," ते म्हणाले. "चाळीस वर्षं मी गाड्या सोडल्या आहेत. एका माणसानं सगळं करायचं म्हटलं की अपघात होतो."

"हा खेळ एकट्यानंच खेळायचा असतो," मिझुए म्हणाली. "तसं खोक्यावर लिहिलंय."

"खोक्याला काय कळतंय?"

त्यांनी कामं वाटून दिली. कंट्रोलरची डावी बाजू मिझुएकडे, उजवी होरिउचीकाकूंकडे, दोघी खांद्याला खांदा लावून. आत्यानं फक्त झाडांची पानं पाहायची आणि वारा सुटला की सांगायचं. सुगावासाहेब स्वतः पडद्यासमोर ताठ उभे राहिले, पांढरा हातमोजा घातला, आणि बोट दाखवून ओरडू लागले.

"डावा दोर!"

"धरला!" मिझुए.

"उजवा दोर!"

"धरला, पण माझी बोटं दुखतायत!"

"एवढंच बोला, होरिउचीबाई! वारा!"

"नाही!" आत्या.

"पाऊल! निघा!"

एकवीस पावलं. बाराव्या पावलाला आत्या "वारा!" म्हणून किंचाळली, दोघींनी सगळं सोडून चौथं बटण दाबलं, गेन्झो दोरांना बिलगून राहिला. मग पुन्हा डावा, पुन्हा उजवा. पैलतीरावर पाय पडला तेव्हा ढोल वाजले आणि पडद्यावर अक्षरं आली: प्रकरण तिसरे. सुगावासाहेबांनी घड्याळ पाहून वेळ जाहीर केली. आत्यानं डब्यांच्या कागदालाच डोळे पुसले.

"बघा," मिझुए म्हणाली. "आता भेटतील बाबांची माणसं."

भेटली नाहीत. तिसऱ्यात एक सेनापती भेटला, दोन जुळे चोर भेटले. चौथ्यात तर गेन्झोचा भाऊच सापडला, रेशमी कपड्यांतला जुलमी सुभेदार झालेला, आणि मग दोघांनी तलवारी उपसल्या. मिझुए कंट्रोलर खाली ठेवून बसून राहिली. ज्या भावासाठी ती दोन वर्षं पुस्तकांवर वाकडे शिक्के मारत होती, तो चौथ्याच प्रकरणात सापडतो? आणि असा?

अठ्ठेचाळिसाव्या दिवशी दुपारी तिनं नुकुईला फोन लावला.

"खानावळवाली ओतात्सु कोणत्या प्रकरणात आहे?"

कागद चाळल्याचा आवाज. "अशी कोणी नाही, ग्राहक महोदया."

"पलीकडून होडीनं येणारा दात दुखणारा वैदू?"

"नाही."

"घंटा विकणाऱ्या दोघी बहिणी? मांजराला मुलगा समजणारा सावकार?"

"माझ्यासमोर बाराही प्रकरणांची यादी आहे. यातलं कोणीही आमच्या गोष्टीत नाही."

"मग असायला हवं होतं!" मिझुए म्हणाली. "मला तक्रार नोंदवायची आहे."

"जरूर. तक्रारीचं स्वरूप?"

"तुमची गोष्ट माझ्या वडिलांच्या गोष्टीसारखी नाही."

मग नुकुई सावकाश म्हणाला, "ही तक्रार नोंदवायला रकाना नाही. पण आपण तपशील सांगितलात तर मी लिहून घेतो."

तिनं सांगितला. नदीला पूर आलाय, पूल धड नाही, म्हणून गेन्झो काठावरच्या खानावळीत थांबतो. एक दिवस, मग एक आठवडा, मग पावसाळाभर. पलीकडची माणसं आपापल्या होड्यांतून येतात, जेवतात, आपली रडगाणी सांगतात आणि जातात; कोणाचीच गोष्ट भावापर्यंत पोचत नाही. सांगता सांगता मिझुएच्या पहिल्यांदा लक्षात आलं की दोन वर्षांत सगळे अलीकडे आले, गेन्झो मात्र एकदाही पलीकडे गेला नाही. ओतात्सुची स्वतःची नाव होती. रोज सकाळी गेन्झो ती मागायचा आणि रोज ती म्हणायची, दिलेली नाव परत येत नाही. मग ती त्याला मुळ्याचं लोणचं वाढायची आणि छपराचं काम दाखवायची.

"छत्री!" मागून आत्या म्हणाली.

मिझुएनं वळून पाहिलं.

"दिलेली छत्री परत येत नाही, असं फुसाएवहिनी म्हणायची. दारात पाच छत्र्या, आणि कोणाला एक देईल तर शपथ. एकदा वादळात मी डोक्याला पिशवी गुंडाळून हिकोनेला गेले आहे, या घरातून! त्यात वरून मुळ्याचं लोणचं." आत्यानं हातातला डबा खाली ठेवला. "अगं, ती ओतात्सु कसली? तुझी आई आहे ती. तुला इतकी वर्षं कळलं नाही? तू पुस्तकं वाचतेस ना?"

मिझुएला कळलं नव्हतं. रोज भात वाढताना तिनं आईला ऐकलं होतं आणि ओळखलं नव्हतं. तिला बाबांचा भयंकर राग आला. सांगायचं तरी! त्या रिकाम्या झोपडीत गेन्झोला बसवून, पाऊस लावून, ते एक हजार एकशे चाळीस तास तिथे काय करत होते, हे एकदा तरी सांगायचं.

"ग्राहक महोदया?" फोनमधून आवाज आला. "मग? पुढे काय झालं?"

"पुढचं नाही. पुढचं सांगायच्या आत ते गेले."

"म्हणजे अकरावं अपूर्ण राहिलं."

"तुम्ही तर दुसरं म्हणत होतात."

"नोंदीत तसं आहे," नुकुई म्हणाला. "पण या गोष्टीप्रमाणे अकरावं धरायला हरकत नाही. मी तसा शेरा मारतो." आणि मग, बहुधा नियमाबाहेर, "शेवट ठरला की कळवाल का?"

दुसऱ्या दिवशी मठातले गुरुजी आले. पाठ झाला, धूप झाला. वस्तीतली सतराही घरं आली होती. कोपऱ्यावरची बाई आणि तिचे हे वेगवेगळ्या भिंतींना टेकून बसले होते. कलश दफनभूमीकडे नेण्यासाठी गुरुजींनी हात पुढे केले.

"थांबा," मिझुए म्हणाली. "त्यांना एक सांगायचं राहिलंय."

"मनात सांगितलं तरी पोचतं," गुरुजी म्हणाले.

"मनात सांगून नाही चालणार. गोष्ट आहे ती."

ती चौरंगासमोर बसली. रात्र तिनं शेवट शोधण्यात घालवली नव्हती. गाढ झोपली होती आणि उठल्यावर शेवट तिथेच होता.

"बाबा, बारावं प्रकरण," ती म्हणाली. तिचा आवाज ग्रंथालयात असतो तेवढाच होता, त्यामुळे सगळ्यांना पुढे सरकावं लागलं. "पूर ओसरला. सकाळी गेन्झोनं नाव मागितली. ओतात्सु म्हणाली, दिलेली नाव परत येत नाही. गेन्झो म्हणाला, आज मला गेलंच पाहिजे, आज शेवटचा दिवस आहे. मग तिनं चूल विझवली, दाराला कडी लावली, आणि म्हणाली, नाव मी कोणाला देत नाही. आणि स्वतःच नावेत जाऊन बसली. म्हणाली, चल."

सुगावासाहेबांनी हळूच डावीकडे बोट दाखवलं, मग उजवीकडे.

"आणि भाऊ?" गुरुजींनी विचारलं.

"भावाचं ते दोघं बघतील," मिझुए म्हणाली आणि कलश उचलून गुरुजींच्या हातात दिला.

किमियोआत्यानं नाक पुसलं. "अगदी तशीच होती वहिनी," ती म्हणाली. "आणि वल्हं असं धरत नाहीत, असं त्याला पलीकडच्या काठापर्यंत ऐकवत नेलं असेल."